बाटलीबाहेरचं पाणी

त्याचं खरं नाव गावाच्या तोंडातून कधीच गळून पडलं होतं. एकतीस वर्षं तो रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या नळकांड्यासमोर उकिडवा बसून पाऊस मोजत आला होता, म्हणून गाव त्याला थेंबमोजे म्हणे. पावसाळ्यात जरा आदरानं, उन्हाळ्यात चेष्टेनं. चेष्टेला कारणही होतं. आभाळ तव्यासारखं तापलेलं असताना हा माणूस नळकांड्याचं नरसाळं बाजूला करी, आतल्या डब्यातली बाटली उचलून उजेडात धरी आणि ती कोरडी ठणठणीत बाटली पुन्हा जागेवर ठेवून वहीत शून्य लिही. नुसतं शून्य नाही. शून्य आणि पुढे सही.

"अरे थेंब्या, शून्याला सही कशाला?" विहीरखोद्या विचारी. हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. गावातल्या निम्म्या विहिरी यानं खोदलेल्या आणि उरलेल्या निम्म्या आपल्याला विचारून खोदल्या असत्या तर त्यांनाही पाणी लागलं असतं, असं याचं म्हणणं.

"सही नसली तर ते शून्य नाही, विसरणं आहे," थेंबमोजे म्हणे.

बायको होती तोवर ती आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या घरी आभाळाचं सगळं लिहून ठेवलेलं आहे. घरातलं मीठ कधी संपलं ते तेवढं विचारू नका."

यंदा ओढा सलग दुसऱ्या वर्षी थंडी सरायच्या आत आटला. विहिरींचा तळ दिसला. वर्षानुवर्षं नुसता बोलण्यात असलेला तलाव अखेर कागदावर आला. गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्या जवळ येतात तिथं, मातीचं धरण घालायचं. धरण भरल्यावर जादा पाणी बाजूनं काढून द्यायला सांडवा लागतो. तो डाव्या काठानं निघणार होता आणि डाव्या काठाला थेंबमोज्याच्या घरचा दीड एकराचा तुकडा होता. घराला शेत म्हणावं असं तेवढंच. बाकी वर माळावर होतं ते दगडांचं, त्यात मधूनमधून थोडी माती. काठच्या तुकड्यात विहीर होती, कांदा होता, आणि मुलगा दिवसभर दुसऱ्याचा ट्रॅक्टर हाकून संध्याकाळी जिथं पाय धुवायला थांबे तो बांध होता.

सांडवा तीस मीटर रुंद झाला तर खडकाच्या कडेनं निघून जाणार होता, तुकड्याला धक्का लागत नव्हता. त्याहून रुंद झाला तर आधी कांदा, मग विहीर. रुंदी ठरणार होती ओढ्याला एका दिवसात जास्तीत जास्त किती पाणी येतं त्यावरून. आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते ठरवायला खात्याच्या इंजिनीअर बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात जाड बूट. मोटारसायकलच्या मागे दुर्बिणीची तिपाई बांधलेली. पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून त्यांनी थेंबमोज्याच्या वह्या मांडीवर घेतल्या आणि एकेक पान असं उलटलं, की म्हातारा नव्या नवरदेवासारखा अवघडून बसला.

"एकतीस वर्षं. एकही दिवस रिकामा नाही?" बाईंनी विचारलं.

"बायको गेली त्या दिवशीचंही आहे. शून्य पूर्णांक चार. बारीक भुरभुर होती."

"ओढ्यावर मात्र कोणी कधी मोजपट्टी लावली नाही. किती पाणी वाहून गेलं त्याची एक ओळ नाही. आता पाऊस बघून पाणी काढायचं."

विहीरखोद्या खांबाला टेकून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे चुलीवर किती शिजलं ते बघून पाहुणा किती जेवला ते सांगायचं."

"हो. आणि मध्ये मातीनं किती खाल्लं ते तिलाच विचारायचं," बाई म्हणाल्या. मग दाराकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, आठ दिवस माझ्याबरोबर टेकडीवर याल? पाणी वाहायचं काम आहे. मजुरी खात्याकडून मिळेल."

दारात सून उभी होती. तिनं सासऱ्याकडे बघितलं, सासऱ्यानं वहीकडे बघितलं. याचा अर्थ हो.

काम साधं होतं आणि लाज आणणारं होतं. एकात एक बसणारी दोन लोखंडी कडी घणानं जमिनीत ठोकायची, त्यात पाणी ओतायचं, आणि घड्याळ लावून बघत बसायचं, माती किती वेळात किती पिते. त्यासाठी सूनबाईनं रोज चार डबे पाणी टेकडीवर चढवायचं. गावात घागरीला रांग असताना.

"काय गं, कुठं चाललं पाणी?" विहिरीवरच्या बायका विचारत.

"टेकडीवर."

"तिकडं कोण राहतं?"

"कोणी नाही. जमिनीत ओतायचंय."

"ऐकलं का! आमच्या पोरांचं तोंड धुवायला पाणी नाही, आणि ही डोंगराला आंघोळ घालते."

कावडीची दांडी खांद्याच्या हाडावर बसत होती. तिसऱ्या दिवशी तिथली कातडी सोलवटली, चौथ्या दिवशी तिनं तिथं जुन्या लुगड्याची घडी ठेवली. विहिरीवरच्या बायकांत तीही असती तर तिनंही हेच बोलून घेतलं असतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून राग येत नव्हता, नुसती मान खाली जात होती.

टेकडीवर मात्र तिला गंमत वाटू लागली. वरच्या झाडीत, पाल्यापाचोळ्याखालची माती कड्यातलं पाणी घटाघटा प्यायली. घड्याळाचा काटा पाव फिरायच्या आत बोटभर उतरलं. तीच टेकडी खाली जिथं गुरांनी तुडवून गुळगुळीत केली होती, तिथं पाणी ओतलं तर ते बसूनच राहिलं. त्यात ढग दिसत होता. एक माशी येऊन बुडाली.

"ही नाही पीत," सून म्हणाली.

"पाऊस आला की हिच्यावरचं सगळं ओढ्यात. शेजारच्या नदीवर मोजपट्टी आहे, तिथं शंभर भाग पावसातले पस्तीस वाहून जातात. पण तिकडं झाडी जास्त. इथं पंचेचाळीस धरावे लागतील. आणि मोठा पाऊस असला की वरची झाडीसुद्धा पोट भरल्यावर पीत नाही. मग साठ, सत्तर."

"आणि कमी धरलं तर?"

बाईंनी खाली, धरणाची जागा दाखवली. तिच्याखाली ओढ्याच्या वळणात बावीस घरांची खालची वस्ती होती. छपरांवर वाळत घातलेली लुगडी दिसत होती.

"सांडवा अरुंद झाला तर पाण्याला निघायला जागा नाही. मग ते धरणावरून जाणार. मातीचं धरण आहे. वरून पाणी गेलं की तासाभरात धरणच राहत नाही."

सुनेनं कावड उचलली. तासाभरात म्हणजे भाकऱ्या होतात तेवढ्यात.

सहाव्या दिवशी बाई ओढ्यात उतरल्या. दोन खडकांमधल्या अरुंद जागी दोरी धरून रुंदी घेतली, उभी पट्टी धरून उंची घेतली. एका खडकावर पुरुषभर उंचीच्याही वर एक फिकट रेघ होती. फटीत काटक्या, वाळकं गवत, चिंधी अडकलेली.

"इथवर पाणी कधी आलं होतं?"

विहीरखोद्या बघायला आलाच होता. म्हणाला, "नऊ वर्षांपूर्वी. मोठा पाऊस झाला तो. एका रात्रीत."

बाईंनी वहीत आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "त्या दिवसाचा पाऊस दोनशे मिलिमीटर लिहिलाय. दोनशेला पाणी एवढं वर चढायला नको. सगळंच्या सगळं वाहिलं तरी नको."

विहीरखोद्यानं डोळे बारीक केले. तो काठच्या तुकड्याकडे बघत होता. तिथं थेंबमोज्याचा मुलगा कांदा उपटत होता. वाकलेली पाठ, घामानं चिकटलेला सदरा.

"झाड अडकलं होतं हो इथं," तो म्हणाला. "एवढं मोठं. मुळासकट. त्यानं पाणी तुंबलं म्हणून चढलं. नाहीतर कुठलं चढतंय!"

"तुम्ही बघितलंत?"

"या डोळ्यांनी."

बाईंनी रेघेच्या आकड्यापुढे 'झाडामुळे तुंबारा' असं लिहिलं. सून पट्टी धरून उभी होती. तिला झाड आठवेना. पण त्या दिवशी ती घरात होती, ओढ्यावर नव्हती. आणि वडीलधारा माणूस डोळ्यांची साक्ष काढतो, तिथं सुनेनं काय बोलायचं.

आठव्या दिवशी दुपारी हिशोब झाला. ओसरीवर बाई, म्हातारा, विहीरखोद्या. मुलगाही ट्रॅक्टर उभा करून आला होता, हातपाय न धुता उंबऱ्याशी टेकला होता. आत सून चहा गाळत होती.

"सगळ्यात मोठा दिवस, दोनशे," बाई म्हणाल्या. "अक्षर वेगळं दिसतंय."

"मी तापानं पडलो होतो. तीन आठवडे. सुनेनं मोजलं," थेंबमोजे म्हणाला. "शिकवून ठेवलं होतं मी तिला. बाटली काढ, मापाच्या पेल्यानं मोज, लिही. एक दिवस चुकली नाही."

"अगदी पुरे दोनशे. बाटली केवढ्याची आहे?"

"दोनशेचीच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काठोकाठ भरली होती. मग बाटलीबाहेर, खालच्या डब्यात काही सांडलं होतं का? ते धरलंय यात?"

आत गाळणी थांबली.

"असतं तर तिनं लिहिलं नसतं का?" थेंबमोजे म्हणाला. त्याच्या आवाजाला धार होती. एकतीस वर्षांत त्याच्या वहीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. "ही वही आहे मॅडम, बाजारगप्पा नाहीत."

"तसं नाही बाबा. विचारावं लागतं."

"विचारलंत, सांगितलं."

सून चहा घेऊन बाहेर आली. बाईंनी तिच्याकडे बघितलं. पण उत्तर मिळालेलं होतं, आणि मिळालं तेही घरातल्या कर्त्या माणसाकडून. त्यांनी पेन उचललं. खालीवर आकडे घातले, रेघ ओढली.

"तीस मीटर पुरतील. तुमचा तुकडा सुटला."

मुलानं डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले. महिनाभर त्या माणसाला कोणी धड झोपलेलं बघितलं नव्हतं. विहीरखोद्यानं चहाचा मोठा भुरका मारला. सून रिकामी थाळी छातीशी धरून दारात उभी राहिली, आणि कोणी तिच्याकडे बघितलं नाही. बायका गप्प उभ्या असल्या की त्या खूश आहेत असं पुरुष धरून चालतात. त्यात हिशोब सोपा पडतो.

दुसऱ्या दिवशी कांदा काढताना तिनं नवऱ्याला सांगितलं. ऊन डोक्यावर होतं. दोघं एकाच सरीत, पुढं मागं.

"अहो, डब्यात पाणी होतं."

"कसल्या डब्यात?"

"त्या पावसात. बाटली भरली होती आणि बाहेर डब्यातही पाणी होतं. मला वाटलं बाहेरून शिरलं. मापाचं ते बाटलीत, एवढंच मला माहीत. मी ते धरलं नाही."

तो उपटलेला कांदा हातात धरून राहिला. त्याची माती झटकली. पुन्हा झटकली, माती नव्हती तरी.

"तुला कोणी विचारलं?"

"नाही."

"मग झालं तर."

"खाली बावीस घरं आहेत."

"नऊ वर्षांत पुन्हा आला का तसा पाऊस? एकतीस वर्षांत एकदा. आणि तू काय इंजिनीअर झालीस आठ दिवस पाणी वाहून?"

त्यानं कांदा ढिगावर फेकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ. माळावर मी काय पिकवू? दगड? मुलगी मोठी होतेय. माझी कंबर आता ट्रॅक्टरवर चार तास बसली की बोलायला लागते. हा तुकडा गेला की आपण लोकांच्या बांधावर. तुला हे कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"कळतंय म्हणूनच तुम्हाला आधी सांगितलं."

तो उठला आणि विहिरीकडे गेला. पोहरा आत सोडला. दोर संपला तरी पाण्याचा आवाज यायला वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला थेंबमोजे नळकांड्यासमोर बसला. बाटली कोरडी. त्यानं वही उघडली, तारीख घातली, शून्य काढलं. सही करणार तेवढ्यात सून समोर येऊन खाली बसली.

"मामंजी, माझ्याकडून एक चूक झालीय."

तिनं सांगितलं. म्हाताऱ्याचं पेन कागदापासून बोटभर वर तसंच राहिलं. वाटलं होतं ओरडेल. ओरडला नाही. चेहरा एवढा कोरा झाला की तिला भीती वाटली. मग त्यानं जे विचारलं ते फक्त तोच विचारू शकत होता.

"कशात ओतलंस?"

"पातेल्यात."

"कुठल्या?"

"ते कान असलेलं. आणि पातेलं भरल्यावर उरलं ते दोन पेले."

"ओतून दिलं का नाहीस?"

"विहिरीत गढूळ पाणी शिरलं होतं. घरात प्यायला थेंब नव्हता. तुमचा ताप उतरत नव्हता, मुलगी तीन महिन्यांची. बाटलीतलं मोजून घागरीत ठेवलं. हे बाहेरचं, म्हणून उकळलं. दोन दिवस तुम्हाला आणि तिला तेच दिलं."

"मला पाजलंस?"

"हो."

म्हाताऱ्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे नऊ वर्षं त्या पावसाचा हिशोब माझ्या पोटात," तो म्हणाला, "आणि मी वही दाखवत फिरतोय."

"मला ठाऊक नव्हतं मामंजी, तेही धरायचं असतं."

"तुला कसं असेल? बाटली भरून सांडलेली मी जन्मात बघितली नव्हती. जे बघितलं नाही ते मी तुला शिकवलं नाही. आणि परवा त्या बाईंनी विचारलं तर मीच छाती काढून उत्तर दिलं. तू आत होतीस, तुला हाक मारली असती तर चार पावलं लागली असती." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "आण पातेलं."

पातेलं आता चेपलेलं होतं, पण बुडाला नाही, काठाला. सुनेनं ते कानांपर्यंत भरलं. म्हाताऱ्यानं मापाचा पेला पुसला, उजेडात धरला. एक पेला भरला की दहा मिलिमीटर. तो ओतत होता, ती मोजत होती. घरात त्या दिवशीचं तेवढंच पाणी होतं, म्हणून मोजलेलं बादलीत जमा करत होते.

"तीन," ती म्हणाली. "चार."

पाचव्याला मुलगा दारात आला. काय चाललंय ते त्याला विचारावं लागलं नाही. तो पायरीवर उभा राहिला, खाली उतरला नाही.

"सात."

"पातेलं भरलेलंच होतं कशावरून?" तो म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वीचं. अर्धं असेल."

"कानापर्यंत होतं," ती म्हणाली.

"एवढं कसं आठवतं?"

"मुलीला चमच्यानं पाजत होते. किती उरलं ते दर वेळी बघत होते."

नववा पेला भरला. पातेल्यात उरलं ते चार भरलं. चौऱ्याण्णव. मग घरातला पाणी प्यायचा पेला दोनदा भरून मोजला. एकवीस. बादलीतल्या पाण्यावर तिघांच्या माना वाकल्या होत्या. एवढंसं पाणी, त्यात धड एक सदरा धुऊन निघाला नसता.

"तीनशे पंधरा," थेंबमोजे म्हणाला.

मुलगा वळला आणि ट्रॅक्टरकडे निघून गेला. ट्रॅक्टर त्या दिवशी पहिल्या फिरवणीतच चालू झाला, एरवी सतावे.

म्हाताऱ्यानं नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. त्याच्या वहीत खाडाखोड चालत नसे. चूक असली तर ती तशीच ठेवून खाली लाल शाईनं खरं लिहायचं. त्यानं लिहिलं: बाटलीबाहेर डब्यात साठलेलं पाणी त्या दिवशी धरलं गेलं नाही. भांड्यावरून आज मोजलं, एकशे पंधरा. एकूण तीनशे पंधरा. शिकवण्यात माझी कसूर. त्यानं सही केली आणि वही तिच्यापुढे सरकवली.

"मी कशाला?"

"मोजलं कोणी होतं?"

तिनं सही केली. तिची सही म्हणजे जपून काढलेलं अख्खं नाव होतं, ओळीच्या बाहेर गेलेलं.

बाईंना निरोप गेला, त्या दोन दिवसांनी आल्या. लाल ओळी वाचून झाल्यावर त्यांनी आपली वही उघडली आणि खडकावरच्या रेघेचं पान काढलं. आकडे मांडायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"आता रेघ बसते," त्या म्हणाल्या. "पाणी आपल्या पायानंच तिथवर चढलं होतं. झाड नव्हतंच."

विहीरखोद्या मान खाजवू लागला.

"काका?" बाई म्हणाल्या.

"नव्हतं," तो म्हणाला. मग थेंबमोज्याकडे वळून, "तुझ्यासाठी एवढं मोठं झाड आडवं पाडलं मी, मुळासकट. आणि तू पातेल्यानं उचलून बाजूला केलंस."

"तुझं घर कुठंय रे?" थेंबमोज्यानं विचारलं.

"कुठं म्हणजे? खालच्या वस्तीत."

"धरणाखाली कितवं?"

विहीरखोद्यानं बोटांवर मोजलं. "चौथं," तो म्हणाला.

सांडवा अठ्ठेचाळीस मीटरचा झाला. तुकडा गेला, विहीर गेली. बदली जमीन मिळणार होती, माळालगत, आणि किती वर्षांनी ते खात्यालाही ठाऊक नव्हतं. बाई हे सगळं सांगताना कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हत्या. जाताना त्या सुनेपाशी थांबल्या. काहीतरी बोलायचं होतं. "खांदा बरा आहे का?" एवढंच म्हणाल्या.

मुलगा सुनेशी बोलेना. मारझोड नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलणं नाही. भाकरी वाढली की खाई, पाणी ठेवलं की पिई. काही हवं असलं तर मुलीला सांगे, "आईला सांग, मीठ कमी आहे." मुलगी आठ दिवस दोघांच्या मधल्या तीन हातांत निरोप पोचवत राहिली. गावानं आपली बाजू वाटून घेतली. विहिरीवर कोणी म्हणे, मोठं मन. कोणी म्हणे, मोठं मन करायला नवऱ्याचंच शेत सापडलं. खालच्या वस्तीतल्या बायकांनी तिला रांगेत पुढं केलं, तेव्हा तिला सगळ्यांत अवघड वाटलं. ती पुढं गेली नाही. आपल्या जागी उभी राहिली.

राहिलेला कांदा घाईनं काढला. कोवळा होता, आठ दिवस आणखी हवे होते.

खुंट्या ठोकायच्या दिवशी सकाळीच खात्याची माणसं आली. बाईंनी तिपाई उभी केली. टेप धरायला एकजण कमी पडत होता. सून बांधावर उभी होती, ती पुढे झाली.

"ताई, तुम्ही नको. दुसरं कोणी धरेल," बाई म्हणाल्या.

"मला येतं ना आता," ती म्हणाली आणि टेपचं टोक घेतलं.

खडकापासून मोजायला सुरुवात झाली. पहिली खुंटी पडीक जागेत गेली. दुसरी बांधावर. तिसरी कांद्याच्या रिकाम्या सरीत ठोकायला खात्याचा मजूर वाकला. उन्हानं जमीन दगड झाली होती. घण बसला तसं खुंटीचं डोकं फुटलं, खुंटी कलली. त्यानं पुन्हा मारलं, आणखी कलली. मजूर शिवी देऊन हसला.

मुलगा लांब, विहिरीच्या कठड्यावर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली. तिसऱ्या घावाला तो उठला. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी होणार. मजूरही दोन पावलं मागं सरला. तो आला, त्यानं मजुराच्या हातातून घण घेतला.

"तिरकी ठोकतोस," तो म्हणाला. "इथं वरची माती कडक आहे, खाली मऊ. आधी पाणी लागतं."

तो विहिरीवर गेला. पोहराभर गढूळ पाणी आणलं, खुंटीच्या जागी थोडं थोडं ओतलं. माती प्यायली. त्यानं थांबून पुन्हा ओतलं. नवी खुंटी उभी धरली आणि तीन घावांत सरळ बसवली. मग पुढची. मग तिच्या पुढची. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता, तो पुसत नव्हता. थेंबमोजे बांधावर छत्री उघडून बसला होता. तो आज काही लिहीत नव्हता. बाई दुर्बिणीला डोळा लावून हातानं खूण करत होत्या, डावीकडे, उजवीकडे, बस.

शेवटची खुंटी विहिरीच्या पलीकडे होती, तुकड्याच्या दुसऱ्या बांधाला लागून. तिच्यापलीकडे त्यांचं म्हणून काही उरत नव्हतं. फक्त गवताची एक पट्टी, एक माणूस आडवा झोपेल एवढी. सून टेप ताणून उभी होती. तो खुंटीचं टोक जमिनीवर टेकवून गुडघ्यावर बसला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे बघितलं.

"इथंच ना?"

बाई लांब होत्या. मजूर पाणी प्यायला गेला होता. तिनं वाकून टेपवरचा आकडा बघितला. ऊन टेपच्या पत्र्यावर चमकत होतं, म्हणून हाताची सावली करून पुन्हा बघितला.

"नाही," ती म्हणाली. "अजून चार बोटं पुढं."

त्यानं खुंटी उचलली, चार बोटं मोजून पुढं ठेवली आणि घण वर उचलला.